शनिवार नावाचा गवंडी

धागाकर्ता : पाणकणीस

लॉस एंजेलिसला येऊन मला अकरा वर्षं झाली. भारतातून कुणी आलं की फेरी ठरलेली: ग्रिफिथ वेधशाळा, सांता मोनिकाचा किनारा, हॉलिवूडची पाटी आणि परतताना आर्टेशियात जेवण. या फेरीत शहराच्या दक्षिणेकडची वॉट्स ही वस्ती कधीच नव्हती. 'तिकडे कशाला जाताय' असं इथली जुनी मराठी मंडळी सांगतात. सांगणाऱ्यांतले बरेच जण स्वतः तिकडे कधी फिरकलेले नसतात, हे मला फार उशिरा कळलं.

गेल्या महिन्यात भाचा आला होता. आर्किटेक्चरला आहे. विमानतळावरच म्हणाला, "मामा, हॉलिवूड राहिलं तरी चालेल, वॉट्स टॉवर्स बघायचेत." गाडी घरी ठेवून मेट्रोने गेलो. १०३ नंबरच्या रस्त्याचं स्टेशन. उतरलं की बैठी घरं, कुंपणाआडून भुंकणारी कुत्री आणि छपरांवरून डोकावणारे ते तीन मनोरे. लांबून मला ते अर्धवट सोडलेल्या स्लॅबच्या सळयांसारखे दिसले. तसं मी म्हणालोही. भाचा काही बोलला नाही.

जवळ गेल्यावर गप्प बसायची पाळी माझी होती. भिंतीत, माझ्या कमरेच्या उंचीवर, एका कपाचा कान बसवलेला होता. नुसता कान, कप नाही. शेजारी हिरव्या सोडा-बाटलीचं बूड, मग तीन शिंपले, मग निळ्या नक्षीच्या बशीचा त्रिकोणी तुकडा. थोडं पुढे, सिमेंट ओलं असताना मक्याचं कणीस दाबून ठसा उठवलाय, दाणे मोजून घ्यावेत इतका स्पष्ट. आणखी पुढे हत्यारांचे ठसे. आपल्याकडे ताज्या कोब्यावर पोरं पाय उमटवून पळतात ना, तसंच. फक्त हा उद्योग एका मोठ्या माणसाने तेहेतीस वर्षं केला.

त्याचं नाव साबातो रोदिया. इटालियनमध्ये 'साबातो' म्हणजे शनिवार. आपल्याकडे पाड्यांवर सोम्या, मंगळ्या, बुध्या असतात, तसा हा शनवाऱ्या. जन्म १८७९, नेपल्सच्या पूर्वेला डोंगराळ भागातल्या सेरिनोजवळच्या रिबोत्तोली नावाच्या वस्तीत. अमेरिकेत त्याचा सॅम झाला, मग सायमन झाला, आणि वर्तमानपत्रवाल्यांनी आडनावाचंही 'रोडिला' करून टाकलं. आज तिथल्या पाटीवर सायमन रोदिया आहे.

पंधराएक वर्षांचा असताना थोरल्या भावाच्या मागे तो अमेरिकेत आला. पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणी. भाऊ खाणीतल्या अपघातात गेला. मग हा पश्चिमेकडे सरकला: सिएटल, ओकलंड, लाँग बीच. १९०२ मध्ये लुसियाशी लग्न, मुलं, आणि दहाएक वर्षांत संसार मोडला. दारू होतीच. कामं मिळतील ती: खाणीत, बांधकामावर, फरशा बसवायला. १९२१ मध्ये वॉट्सला, रेल्वेमार्गाच्या कडेला, एक तिकोनी जागा घेतली. वय ४२. घेतली आणि बांधायला लागला.

दिवसभर मजुरी, संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी हे. मदतनीस नाही, नकाशा नाही, परांची नाही, क्रेन नाही. काचा पुसणारे लोक कमरेला लावतात तसला पट्टा आणि एक बादली. सळई वाकवायची तर शेजारच्या रुळाखाली अडकवून वाकवायची. सांध्याला वेल्डिंग नाही, नट-बोल्ट नाहीत. तारेने आवळायचं, जाळी गुंडाळायची, वरून हाताने माल दाबायचा आणि तो ओला आहे तोवर काचा, शिंपले, फुटक्या फरशा बसवायच्या. अशी एकूण सतरा बांधकामं त्या तुकड्यात उभी आहेत. मनोरे, कारंजं, मांडव, एक जहाज. सगळ्यात उंच मनोरा साधारण ३० मीटर, म्हणजे दहा मजली इमारत धरा.

१९५४ च्या सुमारास काम थांबलं. वय ७५. त्याने जागा शेजाऱ्याला देऊन टाकली, विकलीसुद्धा नाही, आणि तो उत्तरेला मार्टिनेझला बहिणीकडे राहायला गेला. पुढे दहाएक वर्षं जगला. मनोरे बघायला परत आला नाही.

मी यावरच अडकलोय. तेहेतीस वर्षं रोज संध्याकाळी जे केलं, ते माणूस वळून बघतसुद्धा नाही? तुम्हाला काय वाटतं? आणि बांधकामातल्या लोकांनी कृपया सांगा, हे उभं कसं राहिलंय?

---

कोबा

धागा बघून लॉगिन केलं. तीस वर्षं साइटवर काढली आहेत, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं मी बघतो, पहिला माझा प्रांत नाही.

तुम्ही जे वर्णन केलंय त्याला आमच्यात फेरोसिमेंट म्हणतात. सळईचा सांगाडा, त्यावर चिकनमेश म्हणजे बारीक तारेची जाळी, त्यावर पातळ पण घट्ट दाबलेला माल. आपल्याकडे पाण्याच्या टाक्या याच पद्धतीने करतात. १९४० च्या दशकात या पद्धतीला शास्त्रशुद्ध रूप दिलं ते पिएर लुइजी नेर्वीने, म्हणजे तोही इटालियनच. रोदिया त्याच्या आधीपासून अंगणात तेच करत होता.

आता उभं का राहिलं? एक तर वारा. तीस मीटरची भरीव भिंत असती तर वाऱ्याने कधीच आडवी केली असती. हे जाळीदार आहे, वारा आरपार जातो. दुसरं, मनोरे सुटे नाहीत. कुठल्याही फोटोत नीट बघा, एकापासून दुसऱ्याकडे कमानी गेल्या आहेत. एक डुलायला लागला की बाकीचे धरून ठेवतात. आणि ती आडवी कडी दिसतात ना, ती शोभेची नाहीत. ती मनोऱ्याला आवळतात आणि तीच त्याची शिडी आहे. खालचं कडं वाळलं की त्यावर उभं राहून वरचं करायचं. परांची लागलीच नाही ती यामुळे.

वेल्डिंग नसल्याचं लोकांना नवल वाटतं. मला नाही. आमचा सगळा स्लॅब बांधणीच्या तारेवरच असतो. माल बसला की गाठीला काम उरत नाही.

खरी डोकेदुखी वेगळी आहे. दिवसा ऊन, रात्री गारवा, त्याने बारीक तडे जातात. तड्यातून पाणी आत, सळई गंजते, गंज फुगतो आणि वरचा थर फोडून बाहेर येतो. शिंपले पडतात ते त्यामुळे. सांभाळणाऱ्यांच्या पाचवीलाच पुजलंय ते.

---

चकवा

कोबाकाका, भारी प्रतिसाद. त्यात १९५९ ची भर घालतो, कारण तुम्ही जे सांगितलंत त्याची जाहीर परीक्षा झाली होती.

रोदिया गेल्यावर तिथलं त्याचं घर जळालं. मधल्या मालकाला त्या जागी टाकोची टपरी टाकायची होती म्हणतात. १९५७ मध्ये शहराच्या बांधकाम खात्याने धोकादायक ठरवून पाडायचा हुकूम काढला. १९५९ मध्ये विल्यम कार्टराइट आणि निकोलस किंग या सिनेमावाल्या दोघांनी, एक संकलक आणि एक नट, ३,००० डॉलरला जागा घेतली आणि बचाव समिती उभी केली. बड गोल्डस्टोन नावाच्या विमान उद्योगातल्या इंजिनीअरने गणित मांडून सांगितलं की हे पडणार नाही. खातं म्हणालं, दाखवा.

१० ऑक्टोबर १९५९. उंच मनोऱ्याला पोलादी दोर बांधून आडवा १०,००० पौंडांचा ताण दिला, म्हणजे साडेचार टन. बघायला ही गर्दी. मनोरा जागचा हलला नाही. ताण देणारी यंत्रणाच वाकायला लागली. हुकूम मागे.

मार्टिनेझच्या त्या ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला यातलं काहीच नको होतं, ही यातली गंमत.

---

रानजाई

लेख सुंदर आहे, फोटो टाका. पण एक खुपलं ते सांगते.

"लग्न, मुलं, आणि दहाएक वर्षांत संसार मोडला. दारू होतीच." दीड ओळ. आणि मग सळई, शिंपले, कपाचा कान यांना चार परिच्छेद. पाणकणीस, तुमच्यावर राग नाही, रोदियावर जे काही वाचलं ते असंच आहे. पण ती लुसिया, ती पोरं, त्यांनी पुढे कसं काढलं? परक्या देशात, १९१२ च्या आसपास, नवरा सोडून गेलेला. तिने बारा तास कपडे धुतले असतील तर त्याला कुणी साडेचार टनांचा ताण लावून बघत नाही.

माझी आजी गिरणगावातली. आजोबा नाटकवेडे. "कलावंत माणूस" म्हणून त्यांचं सगळीकडे कौतुक, आणि खानावळ आजी चालवायची, वीस डबे. त्यामुळे मला अशा गोष्टीत आधी चूल दिसते, मग मनोरा.

---

पाणकणीस

रानजाई, बरोबर आहे तुमचं. दीड ओळ लिहिताना मलाही कळत होतं की पाय काढता घेतोय. मनोरे बघून आल्याच्या तारेत लिहिलंय.

एवढंच सांगतो की दारू सुटल्यावर हे सुरू झालं, असा त्याच्या आयुष्याचा अर्थ बरेच जण लावतात. म्हणजे हातांना काहीतरी काम हवं होतं. त्याने लुसियाच्या हिशेबात काही जमा होत नाही, हे मान्य.

---

बाभूळ

मला कपाच्या कानापाशीच चंडीगड आठवलं. नेकचंद! रस्ते खात्यात निरीक्षक, १९५७ पासून सरकारी जंगलाच्या जमिनीवर गुपचूप, फुटक्या बांगड्या, कमोडचे तुकडे, कपबशा घेऊन पुतळे करत बसला. बरीच वर्षं कुणाला पत्ता नाही. १९७६ मध्ये रॉक गार्डन लोकांना खुलं झालं. तिकडे कपाचा कान, इकडे आख्खी बशी.

फरक एवढाच की नेकचंदला सरकारने पगार देऊन तेच काम दिलं आणि तो शेवटपर्यंत तिथेच राहिला. रोदियाला पोरांनी दगड मारले.

---

चकवा

दगडांचं खरं आहे, पण त्याला एक काळही आहे. थोडं विस्कटून सांगतो.

१८८० ते १९२० या चाळीस वर्षांत चाळीस लाखांच्या आसपास इटालियन अमेरिकेत आले, बहुतेक दक्षिणेचे. भूमिहीन, काळवंडलेले, कॅथलिक. गोऱ्यांत धरायचं की नाही अशी स्थिती. १८९१ मध्ये न्यू ऑर्लिन्सला जमावाने तुरुंगात शिरून अकरा इटालियनांना ठार मारलं होतं. १९२४ चा स्थलांतराचा कायदा आला आणि वर्षाला लाखोंनी येणाऱ्या इटालियनांचा कोटा चार हजारांच्या आत आला. त्याच कायद्याने आशियातल्या लोकांना तर दारच बंद. १९२७ मध्ये साको आणि वान्झेत्ती या दोन इटालियन स्थलांतरितांना वीजखुर्ची.

म्हणजे रोदियाने पाया खणला तेव्हा त्याच्या जातकुळीच्या लोकांना देश म्हणत होता, पुरे झालं आता.

आणि मग दुसरं महायुद्ध. इटली शत्रू. नागरिकत्व न घेतलेले सहा लाख इटालियन 'शत्रूराष्ट्राचे परके' ठरले. १९४२ च्या ऑक्टोबरपर्यंत शॉर्टवेव्ह रेडिओ, कॅमेरा बाळगायला बंदी, घराबाहेर किती लांब जायचं यावर बंधन. अशा वेळी तुमच्या गल्लीत एक तुसडा, एकटा इटालियन म्हातारा रात्री दिवा लावून तीस मीटरच्या लोखंडी मनोऱ्यावर चढतोय. अफवा काय उठणार? शत्रूला बिनतारी संदेश पाठवतो! उठलीच.

---

तिठा

नेपल्सला नोकरीनिमित्त दोन वर्षं होतो. माझ्याकडे एक सांगण्यासारखं आहे.

नेपल्सजवळ नोला नावाचं गाव आहे, रोदियाच्या मुलखाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तिथे दर जूनमध्ये संत पाओलिनोचा उत्सव असतो. 'जिल्ली' म्हणजे लिलीची फुलं, पण प्रत्यक्षात ते लाकडी मनोरे. आठ मनोरे, प्रत्येक २५ मीटरच्या आसपास उंच, वर निमुळते, जाळीदार, कागदी नक्षीने मढवलेले. शंभराहून जास्त माणसं एक मनोरा खांद्यावर घेतात आणि बँडच्या तालावर गल्लीगल्लीतून नाचवतात. आपली पालखी आणि दहीहंडी एकत्र करून वर दहा मजले चढवा. एकदा एक मनोरा माझ्या गॅलरीपासून हातभर अंतरावरून गेला. खालून "हो-हो" असा दम, आणि सगळी लाकडं करकरत होती. आमची घरमालकीण क्रॉस करत होती, मी मनातल्या मनात गणपती.

आणि त्या आठ मनोऱ्यांबरोबर नववी असते ती नाव. जहाज! संत पाओलिनो कैदेतून समुद्रमार्गे परत आला, त्याची आठवण.

पाणकणीस, तुम्ही लिहिलंत, "मनोरे, कारंजं, मांडव, एक जहाज." मी तिथेच थांबलो. हे साम्य अभ्यासकांनीही दाखवलंय, माझा शोध नाही. पंधराव्या वर्षी गाव सुटलेल्या पोराच्या डोक्यात जत्रा राहते हो. आमच्या गावची जत्रा मला अजून डोळ्यांपुढे दिसते.

नोलाच्या लोकांनी ब्रुकलिनच्या विल्यम्सबर्गमध्येही हा उत्सव नेला, अजून चालतो. तिथे उचलायला शंभर खांदे होते. वॉट्समध्ये हा एकटा. मग त्याने जमिनीत रोवून ठेवले.

---

रानजाई

तिठा, अंगावर काटा आला. (माझा मुद्दा कायम आहे.)

---

पाणकणीस

तिठा, हे वाचून मी भाच्याला फोन केला. तो म्हणतो, "मामा, जहाज मी दाखवत होतो तेव्हा तू मेट्रोची वेळ बघत होतास."

एक लिहायचं राहिलं. या सगळ्याला रोदियाने दिलेलं नाव इटालियन नाही आणि इंग्रजीही नाही. 'नुएस्त्रो प्वेब्लो', स्पॅनिश. आजूबाजूला मेक्सिकन शेजारी होते, त्यांची भाषा. त्याचा अर्थ 'आपलं गाव' असा, किंवा 'आपली माणसं' असाही. इंग्रजीत लिहिणारे यातलं कुठलं धरायचं यावर पानंच्या पानं खर्ची घालतात. मराठीत प्रश्नच येत नाही. "गाव काय म्हणेल" म्हणतो तेव्हा आपण घरांबद्दल बोलतो की माणसांबद्दल?

आणि पोरांनी दगड मारले हे खरं, पण पोरंच फुटक्या कपबशा आणून द्यायची, आणि तो बदल्यात खाऊ किंवा नाणी द्यायचा, हेही तिथले जुने लोक सांगतात. जॅझवाला चार्ल्स मिंगस याच वस्तीत वाढला, त्याने आपल्या आत्मचरित्रात रोदियाबद्दल लिहिलंय.

---

चिंचोका

उशिरा आलो. "सोडून का गेला" यावर माझं मत: संपलं म्हणून गेला. आपण उगाच रहस्य करतोय. गणपती विसर्जन करून आल्यावर कुणी विचारतं का, परत बघायला का नाही गेलात?

---

कोबा

चिंचोका, गणपती पुढच्या वर्षी येतो. हा पंच्याहत्तराव्या वर्षी उंचावर चढणारा माणूस होता. गुडघे म्हणून एक गोष्ट असते. माझ्या मते त्याला खाली उभं राहून दुसऱ्याने केलेली डागडुजी बघायची नव्हती. मी माझ्या जुन्या साइट्सवरून जायचं टाळतो. कुणी बाल्कनी बंद केलेली असते, कुणी ग्रिल लावलेलं असतं.

---

तिठा

पण एकदा तो लोकांसमोर आला होता ना? १९६१ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात मनोऱ्यांवर कार्यक्रम झाला, त्याला बोलावलं होतं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. का बांधलंत, या प्रश्नाला त्याचं नेहमीचं उत्तर असायचं: काहीतरी मोठं करायचं मनात होतं, ते केलं.

---

चकवा

तो वारला जुलै १९६५ मध्ये, मार्टिनेझलाच. पुढच्याच महिन्यात वॉट्स दंगलीत पेटलं. सहा दिवस, ३४ मृत्यू, गल्ल्याच्या गल्ल्या जळाल्या. मनोऱ्यांना कुणी हात लावला नाही. शेजारच्या कला केंद्राचा तेव्हाचा संचालक नोआ प्युरिफॉय याने नंतर त्याच जळक्या ढिगाऱ्यातून वस्तू वेचून, वितळलेल्या निऑन पाट्यांसकट, शिल्पांचं प्रदर्शन उभं केलं. म्हणजे वेचून करायची रीत त्या गल्लीत राहिली.

१९६७ च्या बीटल्सच्या 'सार्जंट पेपर्स' या गाजलेल्या अल्बमच्या मुखपृष्ठावरल्या गर्दीत रोदियाचा चेहरा आहे, शोधा. १९९० पासून मनोरे राष्ट्रीय ऐतिहासिक वारसास्थळ आहेत.

---

भुईकमळ

बरेच दिवस नुसती वाचक आहे, आज लिहिते.

माझे बाबा चायना मोझॅकचं काम करायचे. गच्चीवर पाणी गळू नये म्हणून फुटक्या पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवतात ते. पुणे आणि पिंपरीत त्यांनी किती गच्च्या केल्या असतील त्याची मोजदाद नाही. कुणाला त्यात काही बघण्यासारखं वाटत नाही, गच्चीवर पापड वाळत घालतात. पण प्रत्येक गच्चीत कुठेतरी कोपऱ्यात ते एक रंगीत तुकडा टाकायचे. लाल किंवा निळा, एकच. मालकाला सांगायचे नाहीत. आम्ही लहानपणी डबा द्यायला गेलो की तो शोधायचा खेळ असायचा.

पाणकणीस, तुम्ही टाकलेले फोटो काल बाबांना दाखवले. आता नीट दिसत नाही, तरी मोबाइल डोळ्याजवळ धरून बोटांनी मोठा करून बराच वेळ बघत होते. मी सगळं सांगितलं, इटली, खाण, तेहेतीस वर्षं, एकट्याने. त्यांनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक. तो कपाचा कान होता ना, त्यावर थांबले.

म्हणाले, "थापी नाही मारलेली. बोटानं दाबलंय. हे बघ, बोटाची खूण आहे."

मग मोबाइल परत देताना म्हणाले, "पण सांधे भरायचे राहिलेत."